फेस येण्याआधी : बेळ्ळंदूरच्या मराठी घरांसाठी डिजिटल आवराआवर

बेळ्ळंदूरला नव्याने राहायला आलेल्या माणसाला जुने रहिवासी दोन गोष्टी हमखास सांगतात. पहिली म्हणजे सकाळी साडेआठनंतर आउटर रिंग रोडवर गाडी काढायची नाही. दुसरी तळ्याची. बेंगळुरूतलं हे सर्वांत मोठं तळं, जवळपास ९०० एकरांचं. १६ फेब्रुवारी २०१७ ला ते पेटलं. जानेवारी २०१८ मध्ये पुन्हा पेटलं, तेव्हा विझवायला लष्कराचे जवान आले. पाऊस पडला की पांढऱ्या फेसाचे ढीग वाऱ्याने उडून दुचाकीवाल्यांच्या अंगावर यायचे. फेस रस्त्यावर येऊ नये म्हणून कडेला उंच जाळ्या लावाव्या लागल्या.

हा फेस काही एकट्या कुठल्या कारखान्याने केला नव्हता. त्यातला मोठा वाटा घराघरांतल्या सांडपाण्याचा होता. कपड्यांचं, भांड्यांचं, न्हाणीघरातलं साबणाचं पाणी प्रत्येक घरातून बादली-दोन बादल्याच गेलं. मोरीत ओतलं की गेलं, असं प्रत्येकाला वाटलं. ते गेलं नव्हतं, खाली साचत होतं.

आपल्या खाजगी माहितीचं नेमकं हेच होतं. एजंटला व्हॉट्सॲपवर पाठवलेला आधारचा फोटो, गेटच्या ॲपवर टाकलेला आईचा नंबर, मॉलमध्ये बिल करताना सांगितलेला मोबाइल क्रमांक. एकेक गोष्ट क्षुल्लक असते. पण ती कुठेतरी साचते, दुसऱ्या तुकड्यांना मिळते आणि एक दिवस एखादा अनोळखी माणूस फोन करून आपलं नाव, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे घडाघडा म्हणून दाखवतो. जाळ्या नंतर लावता येतात, पण खरं काम मोरीपाशीच करावं लागतं. हा लेख त्या कामाविषयी आहे. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, निपाणीहून नोकरीसाठी इथे आलेल्या घरांना समोर ठेवून तो लिहिला आहे. त्यातलं बरंचसं हिंजवडीत किंवा ठाण्यातही तसंच्या तसं लागू पडेल.

कुणीही माहिती मागितली की तीन प्रश्न विचारायची सवय लावून घ्या. कशाला हवी? याहून कमी दिली तर चालेल का? काम झालं की पुसणार कधी? पुढचं सगळं या तीन प्रश्नांचाच विस्तार आहे.

घर भाड्याने घेताना

बेळ्ळंदूरमध्ये घर शोधताना पहिल्याच आठवड्यात तुमची कागदपत्रं पाच-सात फोनांमध्ये जाऊन बसतात. एजंट, त्याचा मदतनीस, घरमालक, करारनामा टाइप करणारा, सोसायटीचं ऑफिस. त्यातल्या चार जणांशी पुढे तुमचा संबंधही येत नाही.

यावरचा पहिला उपाय म्हणजे मास्क्ड आधार. त्यावर बारापैकी पहिले आठ आकडे झाकलेले असतात, शेवटचे चारच दिसतात. माय आधारच्या सरकारी संकेतस्थळावरून आधार डाउनलोड करताना मास्क्डचा पर्याय निवडायचा, एवढंच काम आहे. ती पीडीएफ उघडायला पासवर्ड लागतो. तुमच्या नावाची इंग्रजीतली पहिली चार मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष, हा तो पासवर्ड. नाव आणि जन्मवर्ष शोधणं कुणालाही अवघड नाही. म्हणून मूळ, न झाकलेल्या आधारची पीडीएफ पाठवून ‘पासवर्ड आहे, काळजी नाही’ असं समाधान करून घेऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये आलेल्या नव्या आधार ॲपमध्ये पूर्ण कार्ड न देता हवी तेवढीच माहिती दाखवण्याची सोय आहे. तेही वापरून पाहा.

इथे बेंगळुरूचाच एक किस्सा आठवतो. २७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या इथल्या प्रादेशिक कार्यालयाने एक सूचना काढली. आधारची झेरॉक्स वाटेल त्याला देऊ नका, गैरवापर होऊ शकतो, मास्क्ड आधार वापरा, असं तिच्यात म्हटलं होतं. देशभर गोंधळ उडाला आणि दोनच दिवसांत केंद्र सरकारने, चुकीचा अर्थ निघू शकतो असं म्हणत, ती मागे घेतली. सूचना गेली, सल्ला मात्र शहाणपणाचा होता.

घर भाड्याने घ्यायला आधारच पाहिजे असा नियम नाही. पासपोर्ट, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र यांपैकी काहीही ओळख म्हणून चालतं. तरी प्रत द्यावी लागलीच तर तिच्यावर आडवं लिहा : ‘फक्त भाडेकरारासाठी’, मालकाचं आडनाव आणि तारीख. हे लिखाण चेहऱ्याच्या आणि क्रमांकाच्या अंगावरून गेलं पाहिजे. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं. घर पसंत पडायच्या आधी तर एजंटला काहीच देऊ नका. आणि करार झाल्यावर त्याला एक साधा निरोप पाठवा : ‘काम झालं आहे, माझी कागदपत्रं फोनमधून काढून टाका.’ तो काढेलच असं नाही, पण विचारणारी माणसं वाढली की सवय बदलते.

अंगठ्याची गोष्ट

भाडेकरूंपेक्षा घर विकत घेणाऱ्यांना एक धोका जास्त असतो. खरेदीखत नोंदवताना आपण अंगठा उमटवतो आणि त्या दस्तातच आधार क्रमांकही असतो. २०२३ मध्ये बेंगळुरूत एकापाठोपाठ तक्रारी आल्या. खात्यातून पैसे गेले होते, पण कुणी ओटीपी विचारला नव्हता, कुठली लिंक दाबली नव्हती. तपासात दिसलं की नोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावरून मिळवलेल्या दस्तांवरचे ठसे उचलून त्यांच्या नकला तयार केल्या गेल्या होत्या. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या सोयीतून, म्हणजे एईपीएसमधून, रक्कम काढली जात होती. त्या व्यवहाराला ओटीपी लागत नाही, आधार क्रमांकाबरोबर अंगठा पुरतो. नंतर राज्य सरकारने दस्तांच्या प्रतींवरचे ठसे झाकण्याची व्यवस्था केली.

पासवर्ड फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून त्याला कुलूप लावा. आधारच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये ‘बायोमेट्रिक लॉक’ आहे. ते लावलं की ठसा, बुबुळ, चेहरा यांवरून होणारी पडताळणी बंद होते. कधी खरंच लागली, नवं सिमकार्ड घेताना वगैरे, तर थोड्या वेळापुरतं उघडायचं. घरातल्या प्रत्येकाचं लॉक करा आणि गावाकडच्या आईवडिलांचं आधी करा. मात्र ज्यांना रेशन किंवा पेन्शनसाठी अंगठा द्यावा लागतो, त्यांना उघडायचं कसं तेही शिकवा. नाहीतर रेशनच्या दुकानात त्यांची पंचाईत व्हायची.

गेटवरचं रजिस्टर

पूर्वी गेटवर एक जाडजूड वही असायची आणि तिला दोरीने बांधलेलं पेन. आता तिची जागा ॲपने घेतली आहे. मायगेट, नोब्रोकरहूड, अपनाकॉम्प्लेक्स ही नावं देशभर पसरली, ती बेंगळुरूतूनच. सोय मोठी आहे, वाद नाही. वहीत वरच्या ओळीतला नंबर खालच्या ओळीत लिहिणारा सहज वाचू शकायचा, ते तरी थांबलं. पण वही भरली की रद्दीत जायची. ॲपमधली नोंद तशी जुनी होत नाही.

या नोंदीत काय काय आहे, याचा कधी शांतपणे विचार करून पाहा. तुमच्याकडे जेवण रोज किती वाजता येतं, फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून किती वेळा येतो, दिवाळीत किती दिवस घर बंद होतं, रात्री उशिरा कोण आलं होतं. एखाद्या कुटुंबाची दिनचर्या यापेक्षा नेटकी कुणी लिहून ठेवत नसेल.

रहिवाशाने स्वतः करायची कामं अशी. ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन सोसायटीच्या यादीत आपला नंबर इतरांना दिसतो का ते पाहा आणि दिसत असेल तर लपवा. फोनमधले संपर्क, मायक्रोफोन आणि लोकेशन यांची परवानगी काढून घ्या, गेट उघडायला त्यांची गरज नसते. जाहिरातींसाठी माहिती वापरण्याची खूण असेल तर ती काढा. पाहुण्यांना शक्यतो आधीच प्रवेशाचा कोड पाठवा, म्हणजे गेटवर त्यांचा फोटो-नंबराचा सोपस्कार कमी होतो. आणि घर सोडताना सर्वांत जास्त विसरलं जाणारं काम : आपलं, बायकामुलांचं, आईवडिलांचं, गाडीचं नाव ॲपमधून काढायचं आणि कंपनीला ईमेल करून खातं आणि माहिती पुसायला सांगायचं. नुसतं ॲप फोनमधून उडवलं म्हणजे माहिती उडत नाही.

कमिटीवर असणाऱ्यांसाठी थोडं वेगळं सांगायचं आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत पाच प्रश्न मांडा. ॲप कंपनीशी झालेला करार कुणी वाचला आहे का? नोंदी किती दिवस ठेवायच्या, हे आपण ठरवलं आहे का? माजी पदाधिकाऱ्यांचे लॉगिन बंद केले का? सिक्युरिटीच्या टॅबला पिन आहे का, आणि तो टॅबच्याच पाठीवर चिकटवलेला तर नाही ना? माहिती फुटली तर रहिवाशांना कोण आणि कधी कळवणार? पाचही प्रश्नांना उत्तर मिळालं तर तुमची सोसायटी इतरांहून पुष्कळ पुढे आहे.

कॅमेऱ्यांचंही याच सभेत होऊन जाऊ द्या. २०२५ च्या सुरुवातीला राजकोटच्या एका प्रसूतिगृहातलं कॅमेऱ्याचं चित्रण बाहेर विकलं जात असल्याचं उघड झालं. कारण ऐकून हसावं की रडावं कळेना. पासवर्ड होता ‘ॲडमिन’ आणि पुढे एकदोनतीन, म्हणजे कॅमेरा बसवणारा ठेवतो तो. लिफ्टमधल्या, जिमबाहेरच्या, मुलांच्या खेळाच्या जागेतल्या कॅमेऱ्याचा पासवर्ड बसवल्यापासून बदलला आहे का, ते विचारा. दारावर कॅमेऱ्याची बेल लावली असेल तर तिची नजर समोरच्यांच्या उंबरठ्यापर्यंत जात नाही ना, तेही बघा. आणि घरी ब्रॉडबँड जोडून गेलेल्या मुलाने राउटरला कोणता पासवर्ड ठेवला आहे तेही. अनेक घरांत तो तुमचा मोबाइल क्रमांकच असतो.

मावशींची परवानगी कुणी विचारली?

गेटच्या ॲपमधली सर्वांत जास्त माहिती कुणाची असते? आपली नाही, घरकामाला येणाऱ्या मावशींची. फोटो, नंबर, ओळखपत्र, आत आल्याची आणि बाहेर गेल्याची रोजची वेळ, कुठल्या कुठल्या घरात काम, कुठल्या दिवशी खाडा, काही ठिकाणी वर ताऱ्यांचं मूल्यमापनही. आपण निदान ‘मान्य आहे’चं बटण तरी दाबलेलं असतं. त्यांना कुणी विचारलेलंही नसतं.

एका घरच्या मालकिणीने रागाच्या भरात एक तारा दिला तर सोसायटीतली उरलेली घरं बंद होऊ शकतात, आणि त्या ताऱ्याला उत्तर द्यायची जागा मावशींना नसते. सुरक्षिततेसाठी नोंद हवी हे मान्य, पण नोंद आणि पाळत यांत अंतर आहे. ते आपल्या हातात आहे. मावशींच्या आधारचा फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, कुणी टाकला तर काढायला सांगा. शेरे आणि तारे बंद ठेवण्याचा ठराव करा. काम सुटलं की त्यांचं नाव यादीतून काढा. आणि नोंद करण्याआधी, काय लिहितो आहोत हे त्यांना समजेल त्या भाषेत सांगा. कन्नड, तमिळ, तेलुगू, बंगाली, सोसायटीत त्या त्या भाषेचं कुणी ना कुणी सापडतंच.

ऑफिसचा लॅपटॉप ऑफिसचाच

इकोस्पेस असो की एम्बसी टेक व्हिलेज, इथल्या बहुतेक घरांत निदान एक तरी कंपनीचा लॅपटॉप असतो आणि घरची निम्मी कामं त्यावरच उरकली जातात. मुलाच्या शाळेचा फॉर्म, आईचे तपासणीचे रिपोर्ट, घरकर्जाची कागदपत्रं. कंपनीच्या यंत्रावर काय चाललं आहे ते पाहण्याची सोय आणि बहुधा अधिकारही कंपनीकडे असतो. नोकरी अचानक गेली तर त्याच दुपारी लॅपटॉप बंद होतो आणि त्यातली तुमची कागदपत्रं आतच राहतात. घरची कामं घरच्या यंत्रावर करा. तसंच, स्वतःच्या फोनवर कंपनीचं ईमेल घ्यायचंच असेल तर अँड्रॉइडमधली ‘वर्क प्रोफाइल’ वापरा, म्हणजे दोन्ही कप्पे वेगळे राहतात.

उलट बाजूही आहे. कंपनीचं गुपित आपल्या हातून बाहेर जाऊ नये. २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही अभियंत्यांनी चूक शोधून घ्यायला कंपनीचा कोड चॅटजीपीटीत चिकटवला, आणि कंपनीला अशा साधनांवर बंदी घालावी लागली. एआय साधनाला प्रश्न विचारताना ग्राहकाचं नाव, कोड, पगारपत्रक, कुणाचा वैद्यकीय अहवाल जसाच्या तसा टाकू नका. हेही मोरीत ओतणंच आहे.

पासवर्ड : कमी आठवा, जास्त वेगळे ठेवा

२०२० मध्ये बेंगळुरूच्याच बिगबास्केटच्या सुमारे दोन कोटी ग्राहकांची माहिती चोरीला गेली. नावं, ईमेल, फोन, पत्ते आणि कूटरूपातले पासवर्ड. पुढच्या वर्षी ती इंटरनेटवर उघडी पडली. कोथिंबिरीच्या ऑर्डरने काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते एकच पासवर्ड सगळीकडे असल्यामुळे. किराण्याच्या खात्याचा पासवर्ड फुटला की चोर तोच पासवर्ड तुमच्या ईमेलवर लावून पाहतो. ईमेल उघडलं की बाकीची सगळी कुलपं ‘पासवर्ड विसरलो’ म्हणून उघडता येतात.

म्हणून ईमेलपासून सुरुवात करा. त्याला स्वतंत्र आणि लांब पासवर्ड द्या. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहिले तरी तो चिन्हांनी भरलेल्या आठ अक्षरांहून भक्कम होतो आणि लक्षातही राहतो. म्हण, गाण्याची ओळ, मुलांची नावं मात्र नकोत. दुहेरी पडताळणी चालू करा, आणि पर्याय असेल तिथे एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप किंवा पासकी घ्या. बाकीच्या खात्यांसाठी पासवर्ड मॅनेजर वापरा, म्हणजे एकच लक्षात ठेवावा लागेल. आई-बाबांना मॅनेजर जड जात असेल तर वहीत लिहून कपाटात ठेवलेलं चालेल. सांगलीच्या कपाटापर्यंत परदेशातला हॅकर पोचत नाही. ट्रॉय हंट या ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने २०१३ पासून चालवलेल्या ‘हॅव आय बीन पोन्ड’ या संकेतस्थळावर आपला ईमेल टाकला की तो कुठल्या चोऱ्यांत सापडला आहे ते विनामूल्य कळतं. एकदा जरूर पाहा.

आणि अपडेट टाळू नका. विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. तुमचा जुना लॅपटॉप गावी बाबांच्या बँकिंगसाठी दिला असेल तर त्यावर काय चाललं आहे, हे पुढच्या खेपेला बघून घ्या.

भीती दाखवणारा फोन

आपल्याला वाटतं की फसतात ती साधी, तंत्रज्ञान न कळणारी माणसं. २०२४ च्या शेवटी बेंगळुरूतल्या एका सॉफ्टवेअर इंजिनिअरकडून ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली ११ कोटी ८० लाख रुपये उकळले गेले. तुमच्या सिमकार्डाचा गैरवापर झाला, मुंबईत गुन्हा दाखल आहे, अशी सुरुवात होती. पुढे व्हिडिओ कॉलवर गणवेशातला ‘पोलीस’. या खेळात तांत्रिक ज्ञान कामाला येत नाही, कारण हल्ला यंत्रावर नसतो, भीतीवर असतो. आणि ती भीती खरी वाटावी म्हणून लागतो तो आपणच ठिकठिकाणी सांडलेला तपशील.

आपल्या आई-बाबांना तर ‘मुंबई पोलीस’ हे शब्द ऐकूनच घाम फुटतो. त्यांना पुढची चार वाक्यं पाठ करायला लावा. भारताच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय व्हिडिओ कॉलवर चौकशी करून पैसे मागत नाहीत. ‘कुणाला सांगू नका’ म्हणणारा माणूस चोरच असतो. फोन ठेवून मुलाला किंवा मुलीला विचारणं हा गुन्हा नाही. यातलं चौथं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण ही फसवणूक माणसाला एकटं पाडल्याशिवाय पुरी होत नाही. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा. तुमच्या आवाजात ‘अपघात झालाय, पैसे पाठवा’ असा फोन आला तर आईने तो शब्द विचारायचा.

बाकीचे सापळे तेच ते असतात, वेष तेवढा बदलतो. ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडू’ हा निरोप इथे बेस्कॉमच्या नावाने येतो, गावी महावितरणच्या. वाहतूक दंडाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल म्हणजे फोनचा ताबा घेणारं ॲप असतं, ती दाबायची नाही. घर बदलताना सोफा विकायला काढला की ‘मी लष्करात आहे, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा म्हणजे पैसे येतील’ असा माणूस येतोच. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही आणि यूपीआय पिनही लागत नाही. कुरिअरवाला स्टार, एकवीस, स्टार असं काही डायल करायला सांगत असेल तर तो तुमचे कॉल स्वतःकडे वळवून घेतो आहे. चुकून केलंच असेल तर हॅश हॅश शून्य शून्य दोन हॅश डायल करून रद्द करा. आणि बँकेचं संकेतस्थळ उघडताना पत्त्याच्या शेवटी ‘डॉट बँक डॉट इन’ आहे का ते पाहा. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं. तो शेपटा बँकांशिवाय कुणाला मिळत नाही.

पैसे गेलेच तर

आधी १९३० ला फोन, मग रडारड. चोरीचे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात आणि ही हेल्पलाइन वाटेतल्या बँकांना ते गोठवायला सांगते. पहिला तास हाताशी असतो तोवर आशा बरीच असते. फोन करताना व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम जवळ ठेवा. लगेच बँकेला कळवून खातं आणि कार्ड थांबवा. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार करा. निरोप, कॉल, स्क्रीनशॉट काहीही पुसू नका. बेंगळुरूत सायबर गुन्ह्यांसाठी स्वतंत्र पोलीस ठाणी आहेत. पैसे नांदेडला आईच्या खात्यातून गेले आणि तुम्ही इथे असाल, तरी हद्दीचं कारण सांगून तक्रार नाकारता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेत गुन्हा कुठेही घडला असला तरी कुठल्याही ठाण्यात नोंदवण्याची तरतूद आहे.

फोन हरवला तर संचार साथी पोर्टलवरून तो देशभर निकामी करता येतो. त्यासाठी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार, हॅश, शून्य सहा, हॅश डायल करा, येईल तो आजच वहीत लिहून ठेवा. आपल्या नावावर किती सिमकार्डं आहेत, तेही त्याच पोर्टलवर दिसतं. आपलं नसलेलं सापडलं तर तिथेच कळवता येतं.

कायदा आपल्या बाजूला किती?

‘खाजगीपणा’ हा आपला मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, ते २४ ऑगस्ट २०१७ रोजी. ज्यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो ते के. एस. पुट्टस्वामी कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश, बेंगळुरूचे रहिवासी. आधारविरुद्धची याचिका त्यांनी २०१२ मध्ये दाखल केली तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते गेले, ९८ वर्षांचे होऊन. ‘या वयात आता काय विचारायचं’ असं म्हणणाऱ्या आपल्या घरातल्या ज्येष्ठांना ही गोष्ट सांगण्यासारखी आहे.

त्या निकालानंतर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला, २०२३ मध्ये. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ च्या सुमारास, लागू व्हायची आहेत. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. आपल्या रोजच्या उपयोगाच्या गोष्टी तीन. दिलेली संमती, देताना जितकी सोपी होती तितक्याच सोप्या रीतीने, मागे घेता येईल. माहिती दुरुस्त करायला किंवा पुसायला सांगता येईल. आणि संमतीची सूचना इंग्रजीखेरीज राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मागता येईल. त्यात मराठी आहे, कन्नडही आहे. आजपासूनच मागायला लागा. कंपनीने नाही म्हटलं तरी कुणीतरी मागतं आहे, हे तिला कळेल.

एका रविवारचं काम

हे सगळं एकदम करायला गेलात तर काहीच होणार नाही. एक रविवार ठरवा. सकाळी चहाबरोबर घरातल्या सर्वांचं बायोमेट्रिक लॉक आणि मास्क्ड आधार. नाश्त्यानंतर ईमेलचा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी, व्हॉट्सॲपचा सहा आकडी पिनही त्यातच. मग राउटर आणि कॅमेऱ्याचे पासवर्ड. दुपारी गेटच्या ॲपमधल्या परवानग्या, जुन्या सोसायटीतलं खातं बंद करायचा ईमेल, आणि फोनच्या गॅलरीत शोध घेऊन इतरांची पडून राहिलेली कागदपत्रं. जुन्या मावशींचं आधार, मागच्या भाडेकरूचं पॅन, पुतण्याची मार्कशीट. ती पुसा. दुसऱ्याचं सांडपाणी आपल्याही फोनमध्ये साचलेलं असतं.

संध्याकाळी आई-बाबांना व्हिडिओ कॉल करा. खुणेचा शब्द ठरवा आणि ती चार वाक्यं त्यांच्याकडून म्हणवून घ्या. बाबा म्हणतील, ‘मला सगळं माहीत आहे.’ त्यांना म्हणू द्या. चौथं वाक्य तरीही एकदा त्यांच्या तोंडून ऐका.